माहेरी गेलेली बाई

पाशामियाँ कंधारचा. त्याच्या घरात बापापासून फिरत्या सिनेमाचा धंदा. लोहा, मुखेड, देगलूर, धर्माबाद अशा बाजूंच्या जत्रांत आणि उरुसांत त्यांचा तंबू लागायचा. पुढं गावोगाव व्हिडिओ आले आणि तंबू विकावा लागला. पाशामियाँकडं एक छोटं प्रोजेक्टर, एक पांढरा पडदा आणि फिल्मचे चार-सहा डबे तेवढे राहिले.

त्या डब्यांत एक जुनी, मुकी, काळीपांढरी फिल्म होती. चहा पिऊन होईस्तोवर संपावी एवढीच. ती कुठल्या मुलखातली, कुणी काढलेली, हे पाशामियाँला ठाऊक नव्हतं. नावाची पाटी असलेला सुरुवातीचा तुकडा बापाच्या काळातच तुटून गेला होता. जाड मिशांचा एक नवरा. बायकोशी त्याचं भांडण होतं, बायको पेटी उचलून माहेरी जाते. मग याला घर सांभाळावं लागतं. दूध उतू जातं, इस्त्रीनं सदऱ्याला भोक पडतं, पिठाचा डबा फळीवरून थेट डोक्यावर येतो. शेवटी घराचा उकिरडा होतो आणि पांढराफट्ट झालेला नवरा त्यात मटकन बसतो. तेवढ्यात दार उघडतं. टोपी घातलेली बायको आलेली असते. आधी ती कमरेवर हात ठेवून बघते, मग पदरासारख्या कशानं तरी त्याचं तोंड पुसते. सिनेमा संपला.

फिल्मला आवाज नव्हता म्हणून पाशामियाँ स्वतःच शेजारी उभा राहून बोलायचा. नवऱ्याला त्यानं रावसाहेब केलं होतं. "आता बघा, रावसाहेब चूल पेटवून राहिले," असं तो म्हणाला की लोक आधीच हसायला लागायचे.

त्र्याण्णव साली गणपती बोळवले त्याच रात्री, पहाटे, भूकंपानं किल्लारीकडची गावं बसली. मुलूख मातीखाली गेला. नंतर पत्र्यांच्या शेडच्या वसाहती उभ्या राहिल्या. मदत घेऊन येणाऱ्यांपैकी कुणीतरी पाशामियाँला विचारलं, शेडमधल्या लेकरांना सिनेमा दाखवशील का. जनरेटर ते देणार होते. आठवड्यातून एकदा संध्याकाळी दिवेलागणीला तो तिथं पडदा बांधू लागला.

पहिल्या दिवशी ही फिल्म लावावी की नाही, याचा त्यानं पुष्कळ विचार केला. घरोघरी सुतक होतं. पण बाकीच्या डब्यांत देवादिकांचे चमत्कार होते आणि ते लावायचा त्याला धीर झाला नाही. म्हणून हीच लावली. रावसाहेबाच्या डोक्यावर पीठ सांडलं तेव्हा आधी लेकरं हसली, मग एक म्हातारी हसली आणि मग सगळी शेड हसायला लागली. त्यातले अर्धे गडी स्वतःच कालपरवा चुलीपुढं बसायला शिकलेले होते. हसता हसता काही जणांनी तोंडावर उपरणं घेतलं. आपण हसलो याची त्यांना लाज वाटली असावी.

या गड्यांत शेषेराव होता. तिशी नुकतीच ओलांडलेला, थोडक्या जमिनीवर खाऊनपिऊन सुखी असलेला शेतकरी. त्या पहाटे तो ज्वारी राखायला शेतात निजला होता म्हणून वाचला. धावत आला तेव्हा घर नव्हतं; दगडामातीचा ढीग होता. त्यातून त्याची सहा वर्षांची पोरगी सुकन्या जिवंत निघाली, पाय मोडलेली. बायको तारामती आणि म्हातारी आई गेल्या. गावात लाकूड पुरत नव्हतं, माणसं एकत्रच जाळावी लागली. तारामतीला अग्नी देऊन तो त्याच पावली लातूरच्या दवाखान्यात गेला. पोरीनं डोळे उघडले आणि आई कुठं आहे म्हणून विचारलं. तिच्या पायाला प्लास्टर होतं, डोक्याला टाके होते, शेजारच्या खाटेवर एक बाई सारखी कण्हत होती. शेषेरावच्या तोंडून निघून गेलं, "आई आजोळी गेलीय. अव्वाकडं."

अव्वा म्हणजे तारामतीची आई गौरम्मा. देगलूरच्या पलीकडं, कानडी मुलखाला लागून तिचं गाव. पोरगी बरी झाली की खरं सांगू, असं शेषेरावनं ठरवलं. पाय बरा झाला, ती पळायलाही लागली, पण सांगायचं पुढं पुढं ढकलत गेलं. शेडमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी ते सांभाळून घेतलं.

घरकामाचं शेषेरावला काही म्हणता काही येत नव्हतं. आधी भात खाली लागायचा, वरनं कच्चा राहायचा. भाकरी तव्यावर जाईस्तोवर तीन ठिकाणी मोडायची. पोरीची वेणी घालायला बसला की दोन्ही वेण्या एकाच बाजूला यायच्या आणि पोरगी तशीच शाळेच्या तंबूत जायची. शेजारच्या शेडमध्ये पंचफुला होती. तिची दोन्ही लेकरं गेली होती. ती फारशी कुणाशी बोलत नसे, पण एक दिवस उठून याच्या चुलीपाशी आली आणि पिठात कोमट पाणी किती घालायचं ते दाखवून गेली. मग रोज थोडं थोडं दाखवत राहिली. शेषेराव शिकला. संक्रांतीपर्यंत त्याची भाकरी टम्म फुगायला लागली, शेड झाडूनपुसून लख्ख राहू लागली. वसाहतीतल्या बायका आपल्या सुनांना त्याची शेड दाखवायच्या.

आणि त्याच सुमाराला पोरगी बिघडली.

एक दिवस तापवलेलं दूध चुलीपाशी उपडं झालेलं होतं. मांजर असेल म्हणून शेषेरावनं सोडून दिलं. मग अंथरुणावर पाणी सांडलेलं निघालं. मग त्याचा एकुलता चांगला सदरा चुलीच्या निखाऱ्यावर सापडला, बाही जळून गेलेली. विचारलं तर सुकन्या खाली मान घालून उभी राहायची. दवाखान्याच्या तंबूतले डॉक्टर म्हणाले, लेकरानं धसका घेतलाय, रागावू नका. शेषेरावनं राग गिळला.

पण एका दुपारी तो पाण्याच्या टँकरवरून घागर घेऊन आला तर शेडमध्ये सगळीकडं पीठ. मदतीत मिळालेल्या ज्वारीचं सगळंच्या सगळं पीठ तिनं भिंतींवर, भांड्यांवर, अंथरुणांवर उधळलं होतं आणि स्वतः दारात बसून रस्त्याकडं बघत होती. शेषेरावचा हात उठला. दोन-तीन रट्टे बसले. पोरगी रडली नाही. आवाजानं पंचफुला धावत आली आणि तिला पोटाशी धरलं.

"असं का केलंस गं बाई?" पंचफुलानं विचारलं.

"आता आई येईल," सुकन्या म्हणाली.

दोघांनाही काही कळलं नाही. मग पोरीनं बापाकडं बघून, त्यालाच समजावल्यासारखं सांगितलं, "रावसाहेबाचं घर घाण झालं, मग त्याची बाई माहेराहून आली. तुम्ही लई नीट करून राहिले, आबा. म्हणून ती येईना."

पंचफुलानं तोंड फिरवलं. शेषेराव खाली बसला आणि हातानं पीठ गोळा करायला लागला. मातीत मिसळलेलं पीठ खायच्या कामाचं नव्हतं, तरी तो गोळा करत राहिला. खरं सांगायची हीच वेळ होती, हे त्याला कळत होतं. पण जीभ उचलली नाही.

पुढच्या खेपेला पाशामियाँ आला तेव्हा पडदा बांधायच्या आधीच शेषेरावनं त्याला गाठलं आणि घडलेलं सांगितलं. पीठ सांडलं की लोक हसतात एवढंच पाशामियाँनं आजवर पाहिलं होतं. तो म्हणाला, ही फिल्म पुन्हा या वसाहतीत लावणार नाही. शेषेरावला ते पटलं नाही. न लावली तर पोरीच्या डोक्यात बाई परत आलेलीच राहील, असं त्याचं म्हणणं.

"शेवटचं काढून टाका, पाशाभाई," तो म्हणाला. "बाई येतीय तेवढं काढा. तिला आपोआप कळंल."

पाशामियाँनं कैची घेतली. बापाच्या वेळची फिल्म, त्यानं तिला कधी नख लागू दिलं नव्हतं. दार उघडतं तिथून पुढचं कापलं आणि तो तुकडा गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

त्या संध्याकाळी रावसाहेब पिठात मटकन बसला आणि पडदा पांढरा झाला. लोकांनी थोडी कुरकुर केली, फिल्म तुटली असेल म्हणून उठून गेले. सुकन्या बसून राहिली. पाशामियाँ पडदा सोडायला आला तेव्हा तिनं विचारलं, "चाचा, बाई कुठाय?"

पाशामियाँ पुढं कितीतरी दिवस या प्रश्नाला कोणतं उत्तर द्यायला हवं होतं याचा विचार करायचा. त्या वेळी मात्र पोरीचं तोंड बघून तो बोलून गेला, "वाटेत हाय बेटा."

कंधारला गेल्यावर त्यानं बायकोला, वहिदाला, सगळं सांगितलं. वहिदा शेवया वाळत घालत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, हातातलं काम संपवलं आणि मग म्हणाली, "जे तोंडानं सांगायचं ते तुम्ही दोघं मर्दांनी कैचीनं सांगायला गेलात. अन् तेही धड सांगितलं नाही." दुसऱ्या दिवशी पाशामियाँ आठवडी खेपेची वाट न बघता वसाहतीकडं निघाला.

इकडं त्याच दुपारी सुकन्या शाळेच्या तंबूतून घरी आली नाही. शेषेराव आणि पंचफुलानं सगळ्या शेड पालथ्या घातल्या. शेषेराव पडलेल्या गावाच्या ढिगाऱ्याकडंही जाऊन आला. शेवटी एक गुराखी म्हणाला, एक पोरगी फाट्यावर बसलीय. उदगीरकडून येणाऱ्या एसट्या त्या फाट्यावर थांबत. देगलूरचं माणूस यायचं तर उदगीरवरूनच येणार, एवढं तिला आजोळच्या खेपांनी शिकवलं होतं.

ती बाभळीच्या सावलीत मैलाच्या दगडाला टेकून बसली होती. केस स्वतःच विंचरले होते, झग्याची बटणं नीट लावली होती. शेषेराव धापा टाकत आला आणि तिच्या शेजारी बसला. तिनं विचारलं, "तुम्ही बी आलात व्हय आईला घ्यायला?"

तेवढ्यात गाडी आली. एक म्हातारा उतरला, कापडाचं गाठोडं घेतलेल्या दोन बाया उतरल्या. सुकन्या उभी राहिली. दोघींची तोंडं तिनं नीट बघितली. गाडी गेली, धुरळा खाली बसला, बाया आपल्या वाटेनं गेल्या आणि ती पुन्हा दगडापाशी बसली.

"सुकन्या," शेषेराव म्हणाला, "आई अव्वाकडं न्हाई. मी तुला खोटं सांगितलं. आपलं घर पडलं ना, त्यात ती गेली. आजीसंगट. मीच तिला अग्नी दिला. आता ती येणार न्हाई. घर घाण केलं तरी न्हाई, नीट ठेवलं तरी न्हाई."

पोरगी बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मग अव्वाकडं कोण हाय?"

"कोणीच न्हाई. अव्वा एकटीच हाय."

"तिला म्हाईत हाय का?"

"हाव."

"सगळ्यांना म्हाईत हाय?"

शेषेरावनं हो म्हणून मान हलवली. तेव्हा ती रडली. दवाखान्यात रडली नव्हती, मार खाऊन रडली नव्हती. आता मात्र तिला श्वास घेता येईना. त्यानं तिला मांडीवर घेतलं आणि तारामतीला अग्नी देतानाही न आलेलं रडू त्याला आलं. पंचफुला थोड्या अंतरावर पदर तोंडात धरून उभी होती. तिथंच दुसऱ्या गाडीतून पाशामियाँ उतरला. तो जवळ गेला नाही. बापलेक उठून चालायला लागले तेव्हा तोही त्यांच्यामागून चालत वसाहतीपर्यंत आला.

कापलेला तुकडा त्यानं परत चिकटवून आणला होता. आठवड्यानं त्यानं फिल्म पूर्ण दाखवली. शेषेरावनं पोरीला विचारलं, जायचं का. ती नाही म्हणाली. दोघं शेडमध्येच बसली. त्यानं भाकरी थापल्या, तिनं काटवटीत पीठ ओढून दिलं. पडद्याकडून लोकांचं हसणं ऐकू येत होतं. एकदा मोठं हसू आलं तेव्हा सुकन्या म्हणाली, "आता पीठ सांडलं." नंतर शेवटाला पुन्हा एकदा आवाज आला, तेव्हा तिनं काटवटीत आणखी पीठ ओढलं.

मग वर्षं गेली. शेड जाऊन सिमेंटची घरं आली. पंचफुलाला तिचा भाऊ लोह्याला घेऊन गेला; जाताना ती तिचा पोळपाट सुकन्याला देऊन गेली. शेषेरावला स्थळं आली, पाहुण्यांनी गळ घातली, पण तो नाही म्हणाला आणि का नाही ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. सुकन्या अभ्यासात हुशार निघाली. दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा मास्तरांनी सांगितलं, हिला लातूरला ठेवा.

तोवर लातूरचं रूप बदललं होतं. जिकडं बघावं तिकडं क्लासच्या पाट्या, डॉक्टर-इंजिनियर झालेल्या पोरांचे फोटो, घराघरावर चढवलेले मजले आणि त्यांत खोल्या. नांदेड, परभणी, बीडकडून लेकरं यायची आणि लेकरांना खाऊ घालायला त्यांच्या आया यायच्या. शेषेरावनं जमीन चुलतभावाला लावून दिली आणि एक खोली घेतली. त्या इमारतीत पोरांना रांधून घालणारा बाप तो एकटाच. पहाटे नळावर सगळ्या बायकांत तो हंडा घेऊन उभा राहायचा. आधी बायका अंग चोरून घेत; पुढं त्याच त्याला वांग्यात कूट किती घालता म्हणून विचारू लागल्या.

सुकन्या बारावीला होती त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला खालच्या मालकिणीनं तिच्या आईच्या फोटोला हार घातला. सुकन्या क्लासहून येताना तिथं थोडी थांबली. वर आली, पुस्तकं ठेवली, जेवायला बसली. शेषेरावनंही तारामतीच्या नावानं पान काढून ठेवलं होतं. त्यांच्याकडं फोटो नव्हता. लग्नातला एकच होता, तो घराबरोबर गेला होता.

"आबा," ती म्हणाली, "एक सांगू? मला आईचं तोंड आठवत न्हाई."

शेषेरावचा हात ताटातच थांबला.

"आठवायला गेलं की ती सिनेमातली बाई दिसते. टोपीवाली. दार उघडून उभी राहिलेली. लई प्रयत्न केला, पण तीच येते. मला तिचा राग येतो."

शेषेराव सांगायला लागला. तारामती सावळी होती. उंचीला तुझ्याएवढी. चालताना पुढं पुढं चालायची आणि मग थांबून मागं बघायची. तिच्या मनगटावर विळ्याचा व्रण होता. हसू आलं की पदर तोंडावर धरायची. त्यानं तिचे हात सांगितले, आवाज सांगितला, लुगड्याचा रंग सांगितला. मग तो अडला. तोंड सांगायला गेला तर सावळा रंग आणि कुंकू, यापलीकडं काही हाताला लागेना. पोरगी तुझ्यावर गेलीय, असं लोक तिच्या लहानपणापासून त्याला म्हणत आले होते. ते खरंच होतं. तिच्याकडं बघून त्याला तारामती कधी सापडली नव्हती. दोघांची ताटं तशीच राहिली.

रविवारी क्लास बुडवून ती दोघं देगलूरची गाडी धरून गौरम्माकडं गेली. म्हातारी आता फार थकली होती, एका डोळ्यानं दिसत नव्हतं. कशासाठी आलो, हे शेषेरावनं सांगितलं. मग म्हातारीनं नातीला जवळ बसवून घेतलं आणि बोलायला लागली, अर्धं कानडीत, अर्धं मराठीत. शेषेराव बाहेर ओट्यावर जाऊन बसला. आतून म्हातारीचा आवाज येत राहिला. मधेच तो रडका व्हायचा, मधेच हसायचा. ऊन कलंडलं तरी दोघी उठल्या नाहीत. शेवटची गाडी चुकेल म्हणून त्यालाच आत जाऊन सांगावं लागलं. निघताना गौरम्मानं जावयाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि एवढी वर्षं पोरीला सांभाळलंस, असं काहीतरी कानडीत म्हणाली. त्याला सगळं कळलं नाही.

परतीच्या गाडीत सुकन्या खिडकीपाशी बसली. उदगीर गेल्यावर ती म्हणाली, "अव्वा म्हणली, आईच्या एकाच गालावर खळी पडायची. डाव्या. हसली न्हाई तरी बोलताना सुद्धा पडायची. खरं हाय?"

बाहेर सोयाबीनची रानं मागं जात होती. आणि मग, इतक्या वर्षांनी, ते तोंड शेषेरावपुढं आलं, काहीतरी बोलत असलेलं, डाव्या गालावर ती लहानशी खळी. एवढी साधी गोष्ट तो विसरून गेला होता. त्यानं उपरण्यानं डोळे पुसले.

"हाव," तो म्हणाला. "पडायची."

सुकन्यानं डोळे मिटून घेतले. तिला झोप लागली की ती काही बघत होती, हे त्याला कळलं नाही. त्यानं तिला हाक मारली नाही. लातूर आलं तेव्हा क्लासच्या पाट्यांचे दिवे लागले होते. दुसऱ्या दिवशी तिचा पेपर होता, म्हणून दोघं स्टँडवरून भराभर खोलीकडं चालायला लागली.